अभिमान सोहळ्याला आलेले मेजर

कोटावर तिन्ही मेडलं लावून नाथाजी मेजर हॉलवर पोचले, तेव्हा दारातल्या पोरांनी त्यांना वाट करून दिली आणि थेट पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. मेजर हे गावानं दिलेलं नाव. फौजेतून ते हवालदार म्हणूनच परतले होते. तोफखान्यात कान मंद झाले, एवढीच काय ती दुखापत. पुढं ऊस, सोसायटीच्या बैठका आणि सव्वीस जानेवारीला शाळेत झेंड्याला सलामी, असं आयुष्य सरधोपट चाललं होतं.

फोन क्रांतीचा आला होता. थोरली लेक, साताऱ्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत चांगल्या हुद्द्यावर.

"आण्णा, रविवारी साताऱ्यात अभिमान सोहळा हाय. नगरपालिकेनं हॉल दिलाय, खर्च आमची कंपनी करतीय. तुमी याल?"

पुढंही ती बरंच काही बोलली, पण चाचरत, हळू आवाजात. ते मेजरांच्या कानापर्यंत आलंच नाही. अभिमान, नगरपालिका आणि कंपनी, एवढ्यावरून त्यांनी फौजींच्या सत्काराचा जो अर्थ काढला तो साताऱ्यातल्या कुठल्याही माजी सैनिकानं काढला असता. त्यांनी कोटाला इस्त्री करून घेतली.

मंचामागं रंगीबेरंगी पट्ट्यांचा पडदा होता. मेजरांना तो मेडलच्या फितीसारखा वाटला. शेजारी नगरसेवक उदयसिंह बसले होते. मंचावर क्रांती माईक तपासत होती.

"लेक हाय माजी," मेजर म्हणाले. "कंपनीत सायेब हाय."

"व्हय?" उदयसिंह वळून बघायला लागले. "लय धाडस तुमचं, मेजर! पयल्या साली सांगलीत ह्यास्नी कुणी हॉल दीना. आता पालिका म्हणती या, कंपन्या म्हणत्यात आमचं बी नाव घाला. आन् आता तर फौज बी आली!"

मेजर हसले. फौजेला हॉल का मिळू नये, हे मात्र त्यांना उमगेना.

निवेदकानं माईक हातात घेतला. "आपल्या समलिंगी आणि तृतीयपंथी मित्रमैत्रिणींच्या या अभिमान सोहळ्यात सगळ्यांचं स्वागत!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मेजरांनी मागं वळून पाहिलं. उंचपुऱ्या बाया, गजरे माळलेल्या. एकमेकांचा हात धरून बसलेली दोन पोरं. सगळ्या हॉलात दुसरा फौजी नव्हता. उठावं तर समोर फोटोवाला उभा. पोरगी नोकरीच्या कामानं आलीय, दुसरं काही नाही, अशी त्यांनी मनाची समजूत घातली आणि ते बसून राहिले.

क्रांतीचं नाव पुकारलं गेलं. कंपनीच्या वतीनं चार शब्द बोलून ती थांबली. तिची नजर वडिलांवर गेली, मग कोटावरच्या मेडलांवर, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. लोक खुर्चीत चुळबुळ करायला लागले.

"मी फक्त कंपनीकडून आलेली नाही," अखेर ती म्हणाली. "स्वतःसाठीही आलेय. मला एका बाईबरोबर संसार करायचाय."

मेजरांचे हात खुर्चीच्या दांड्यावर आवळले गेले. अंगातलं सगळं बळ उठायला सांगत होतं.

उदयसिंह त्यांच्या कानाशी वाकले. पण मेजरांशी कुजबुजून भागत नसे, त्यामुळं प्रश्न साऱ्या हॉलनं ऐकला. "मेजर, तुमाला ह्ये ठावं न्हवतं व्हय?"

क्रांती माईक धरून तशीच उभी होती. तीही उत्तराची वाट पाहत होती. 'न्हाई' म्हटलं असतं तर खरं ठरलं असतं, अब्रूही राहिली असती. गावात कुणी बोट दाखवलं नसतं.

"ठावं हुतं की!" मेजर ओरडले. त्यांना हळू बोलता येतच नसे. "माज्या लेकीचं मला ठावं नसंल व्हय?"

लोक उठून टाळ्या वाजवू लागले. मेजरांनी वाजवल्या नाहीत.

क्रांती खाली येऊन त्यांच्यापुढं उभी राहिली. "आण्णा..."

"आत्ता बोलू नगंस माज्याशी."

मेजरांनी रुमालानं मान पुसली, पुन्हा पुसली.

"घरी चल," ते म्हणाले. "तुज्या आईला म्या न्हाई सांगायचो. तू सांग. म्या नुस्ता शेजारी बसंन."