डावीकडचा आवाज

स्वस्तातला डॅक कोणता घ्यावा, या प्रश्नाने माझा अख्खा महिना खाल्ला. डॅक म्हणजे मोबाइल आणि अॅम्प्लिफायर यांच्या मध्ये जोडायचा काडेपेटीएवढा डबा. मोबाइलमध्ये गाणं आकड्यांच्या रूपात असतं, त्याचा तो आवाज करतो. त्यावरून इंटरनेटवर अशी भांडणं चालतात की आमच्या पिशोर गावातली शेताच्या बांधाची भांडणं परवडली. कुणी म्हणे ह्या डब्याचा आवाज उबदार, कुणी म्हणे त्याचा स्वच्छ. शेवटी वैतागून मी दोन्ही मागवले. न आवडलेला परत करता येणार होता.

हे सगळं अण्णांसाठी, म्हणजे माझ्या वडिलांसाठी. मुकुंदवाडीच्या आमच्या घरात, बैठकीत, त्यांचा जुना अॅम्प्लिफायर आणि दोन मोठे स्पीकर आहेत. वीज खात्यात होते तेव्हा हौसेने घेतलेले. त्यावर भजन ऐकल्याशिवाय ते संध्याकाळी जेवत नसत. हल्ली माझ्या मोबाइलवरून भजन लावलं की मात्र "गाण्यात दम नाय राहिला" म्हणून बंद करायचे आणि आतल्या खोलीत जाऊन पडायचे. घरात असून नसल्यासारखे. मला ते बघवत नव्हतं. एकदा कान दाखवून येऊ म्हटलं, तर म्हणाले, "तुझ्या मोबाइललाच दाखव डॉक्टरला!" स्टेशनात मालगाडी शिरली की पॅसेंजर, हे घरात बसून सांगणारा माणूस. त्यांच्या कानावर शंका घ्यायची कुणाची टाप होती? मग मीही मोबाइललाच दोष देऊन मोकळी झाले.

रविवारी चहा झाल्यावर त्यांना दोन स्पीकरांसमोर बरोबर मधे खुर्चीवर बसवलं, डावीकडे खिडकी, उजवीकडे दार. दोन्हीकडून सारखाच आवाज येईल असं एक भजन लावलं. पहिला डबा ऐकून अण्णा म्हणाले, "खिडकीकडून कमी येतंय." दुसरा जोडला. "ह्याच्यातबी तेच. लई पुचाट डबे हायत तुझे."

मला राग आला. महिनाभर डोळे फोडून निवडलेले डबे होते ते. मला तर दोन्हीकडून चांगलं खणखणीत ऐकू येत होतं.

पण अण्णांना आता काम सापडलं होतं. बिघाड शोधायची त्यांची एक रीत आहे, लहानपणी मलाही त्यांनीच शिकवलेली: एका वेळी एकच वस्तू बदलायची आणि बिघाड तिच्याबरोबर जातो का ते बघायचं. किती दिवसांनी ते असे बाह्या सरसावून उठले होते! त्यांनी दोन स्पीकरांच्या वायरींची अदलाबदल केली. खिडकीकडचा आवाज कमीच. मग आम्ही दोघांनी मिळून स्पीकरांच्या जागा बदलल्या. तरी खिडकीकडचाच कमी.

मला तोवर कळून चुकलं होतं. अण्णांनी खुर्ची उचलली, उलटी फिरवली आणि स्पीकरांकडे पाठ करून बसले. डोळे मिटले.

"आता दाराकडून कमी येतंय," ते म्हणाले.

खिडकी आता त्यांच्या उजव्या हाताला होती आणि दार डाव्या. भजन चालूच होतं. मी ते बंद करून दिवाणावर बसले.

"डबे चांगले हायत गं. कोणताबी ठेव," अण्णा म्हणाले. "डबे झाले, वायरी झाल्या, स्पीकर झाले. एकच वस्तू बदलायची राहिली, अन् ती बदलून मिळत नाय."

मला रडू आलं. खुर्ची जागेवर ठेवून ते दिवाणाकडे आले. नेहमी ते माझ्या उजव्या हाताला बसतात. आज वळसा घालून डाव्या हाताला बसले, उजवा कान माझ्याकडे येईल असे.

"हां, बोल आता," ते म्हणाले. "कधी जायचं डॉक्टरकडं?"