आजचा दिवस

आईच्या छातीत गाठ लागली. मॅमोग्राफीत नीट काही दिसेना, म्हणून कोल्हापूरच्या डॉक्टरांनी आम्हाला पुण्याला धाडलं. तिथे दंडात किरणोत्सारी औषधाचं इंजेक्शन देऊन फोटो काढले. औषध गाठीत जाऊन बसलं आणि पडद्यावर ती ठळक दिसली. निघताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजचा दिवस लहान मुलांना जवळ घेऊ नका. उद्यापासून सगळं नेहमीसारखं."

पुढे सुईच्या तपासणीत कॅन्सर नक्की झाला, पण लवकर सापडला होता. कसबा बावड्यातल्या माझ्या माहेरच्या घराला त्याचं काही नव्हतं. आत्याने दुसरंच धरलं. वडिलांना म्हणाली,

"अंगात किरणं हायत म्हणं. बाजूला बसव की तिला."

बाजूला! पाळी जाऊन वर्षं लोटलेल्या बाईला या लोकांनी पुन्हा बाजूला बसवलं. मागच्या पडवीत अंथरूण, ताट वेगळं, तांब्या वेगळा. पोखरणनंतर अणू म्हणजे बॉम्ब, एवढीच आमच्या घराची अक्कल. ऑपरेशन झालं, टाके सुकले, तरी आई पडवीतच. भावाची तान्ही पोर आजीकडे रांगत निघाली की आत्या तिला मागे ओढायची. वडील आईचं ताट पडवीच्या उंबऱ्यावर ठेवून मागे फिरायचे.

"औषध दुसऱ्याच दिवशी उतरलं," मी किंचाळायचे. "पुण्याला फोन लावून देते, विचार!"

"डॉक्टरास्नी काय जातंय? त्यांच्या घरात न्हाय ठेवायचं तिला."

महिन्यांनी कधीतरी तिला आत घेतलं. जणू उपकारच केले. पुढच्या वर्षी तिची कंबर धरली. डॉक्टरांनी हाडांचा स्कॅन सांगितला. पुन्हा तसलंच इंजेक्शन.

"न्हाय जायची मी," आई म्हणाली. "परत पडवीत न्हाय. पोरगी आत्ता कुठं मांडीवर यायला लागलीया."

मी हातापाया पडले, माझ्या घरी राहा म्हटलं. ती नातीचे केस विंचरत राहिली. अंथरुणातून उठता येईना तेव्हा तिला उचलून नेलं. तोवर रोग मणक्यात पसरला होता.

तेराव्याला आत्या पाहुण्यांना सांगत होती, "तिनंच तपासणी केली न्हाय की. लई हट्टी."

माझं डोकंच फिरलं. भर पंगतीत ओरडले, "तिनं नाही! तुम्ही सगळ्यांनी करू दिली नाही!"

वडील खाली मान घालून जेवत राहिले.