पोचा आलेलं पातेलं

काठाला पोचा आलेलं ते पातेलं आजही माझ्या डोळ्यांसमोर येतं. पन्नासच्या दशकात मी ठाण्याला फौजदार होतो. एका सकाळी हजेरीच्या वेळीच नौपाड्यातला कल्हईवाला चौकीत आला. मुंबईच्या विधिमंडळाच्या भोजनगृहाचा छाप असलेली तांब्याची पातेली कुणीतरी त्याच्याकडे कल्हईला आणत होता.

"साहेब, उद्या बालंट माझ्यावर नको यायला," तो म्हणाला.

त्याच आठवड्यात आम्ही माणूस पकडला. तो भोजनगृहातलाच आचारी निघाला, मिठागराजवळच्या वस्तीत राहणारा. भाजीच्या सालींच्या गोणीत पातेलं दडवून आणायचा. साली घरच्या शेळीसाठी म्हणून फाटकावर गोणी कुणी उघडत नसे.

माझा आवाज तेव्हा चौकीबाहेर ऐकू जायचा आणि त्याचा मला अभिमानही होता. "विकलीस कुणाला?" मी तासभर ओरडलो. तो मान खाली घालून एवढंच म्हणे, "चोरी नाय केली, साहेब. पन तिकरं हापिसात कलवू नका."

शेवटी कल्हईवाल्याला बोलावलं. जप्त केलेलं पातेलं बघून तो सहज बोलून गेला, "विकेल कशाला? हे पोचा आलेलं पातेलं तर दोनदा येऊन गेलंय."

चोरीचा माल कल्हई करून कुणी पुन्हा जागेवर ठेवत नाही. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. मी आचाऱ्याला बसवलं, चहा मागवला आणि आवाज खाली आणला. मग तो बोलला. भोजनगृह ठेकेदाराकडून सरकारकडे आलं, तेव्हा मंजूर खर्चात कल्हई धरायची राहून गेली होती. उघड्या पडलेल्या तांब्यात चिंचेची आमटी कळकत, विषारी होत होती. त्याची नेमणूक फक्त अधिवेशनापुरती. तक्रार केली तर पुढच्या यादीत नाव नसेल, ही धास्ती. म्हणून तो पदरमोड करून एकेक पातेलं आणत होता.

"मानसा जेवतान तिथं, साहेब. त्यांच्या पोटात इख कसं घालू?"

मला माझीच लाज वाटली. परवानगीशिवाय भांडी बाहेर नेली, हे मी अहवालात लिहिलं; का नेली, तेही सविस्तर लिहिलं. वरिष्ठ म्हणाले, "तुम्ही फौजदार आहात की मुदपाकखान्याचे कारभारी?" पण अहवाल त्यांनी पुढे पाठवला. पुढच्या अधिवेशनाआधी कल्हईचा खर्च मंजूर झाला आणि आचाऱ्याला बारमाही नोकरीत घेतलं. ते सांगायला तो हसत चौकीत आला, या वेळी गोणीशिवाय.

मला मात्र धडा त्याच्या जबानीच्या दुसऱ्याच दिवशी मिळाला होता. सहज म्हणून आमच्या शिपायांच्या मेसमधलं पातेलं मी उजेडात धरलं. तळाला तांबं उघडं पडलं होतं. माझी माणसं रोज त्यातलंच जेवत होती आणि माझ्या आवाजाला भिऊन एकानेही तोंड उघडलं नव्हतं.

त्या दुपारी कल्हईवाल्याची भट्टी आमच्याच आवारात पेटली.