एका विलायतीला तीन गावठी

आमच्या फोटोंच्या अदलाबदलीत दर ठरलेला होता. एका विलायती फोटोला तीन गावठी. दर मीच ठरवला होता, कारण विलायतचा माणूस माझ्या ओळखीचा होता आणि ज्याच्या हाती ससा तो पारधी.

मी कोल्हापुरात शाळेत ड्रॉइंग शिकवत असे. पगारातला नको तेवढा भाग कॅमेऱ्यात आणि काचांत जाई. तेव्हा फोटो काचेवर निघत. मसाला लावलेल्या काचा मुंबईहून खोक्यातून येत, आणि त्यातली एक फुकट गेली तरी जेवण गोड लागत नसे. मागच्या पडवीला घोंगडी टांगून मी त्या अंधारात काचा धूत बसे. माझी बायको त्या पडवीला ‘सवत’ म्हणे.

मिरजेपासून गगनबावड्यापर्यंत आम्ही पाच-सहा हौशी होतो. फोटोंचं एक पुडकं टपालाने आमच्यात फिरे. आवडेल तो फोटो काढून घ्यायचा, आपला घालायचा, आणि दुसऱ्याच्या फोटोच्या पाठीवर त्यातल्या चुका लिहायच्या. चुका लिहिण्यात माझा हात कोणी धरला नसता. गगनबावड्याच्या गड्याचे फोटो पावसाळी हवेने बुरशी धरूनच येत. त्याच्या फोटोत उन्हाळ्यातसुद्धा पाऊस पडतो, असं मी एकदा लिहिलं तर तो वर्षभर माझ्याशी अबोला धरून बसला.

विलायतचा माणूस मला एका मासिकातल्या पत्त्यावरून मिळाला. समुद्राकाठच्या लहान गावात त्याचं बी-बियाण्यांचं दुकान होतं. त्याला आमच्याकडचं काय हवं हे मी आपल्या मनानेच ठरवून टाकलं होतं. देऊळ, हत्ती, महाराजांच्या शिकारखान्यातला डोळे बांधून गाडीवर बसवलेला चित्ता. म्हणून मी मंडळींना बजावलं की घरची माणसं चालायची नाहीत. कुणाची आत्या आणि कुणाचं बारसं, त्यात त्या साहेबाला काय गंमत?

आणि त्या साहेबाने एकदा काय पाठवावं, तर स्वतःचा मुलगा. सोळा-सतरा वर्षांचं पोर घराच्या पायरीवर बसून बुटाची नाडी बांधतंय आणि कुणी तरी हाक मारली म्हणून वर बघून हसतंय. मागचं दार अर्धं कापलं गेलेलं. साहेब असून असला फोटो काढतो, याचा मला रागच आला. तो मी पुडक्यात टाकून दिला. नेसरीच्या मास्तरांनी तो लगेच उचलला आणि बदल्यात तीन दिले: गुऱ्हाळ, कुस्तीचा आखाडा आणि धुक्यातला डोंगर. बरा सौदा झाला, असं मला वाटलं.

नेसरीचे मास्तर म्हणजे तिथल्या शाळेतले शिक्षक. शेतकरी घरातले, बोलायला कमी, आणि माझं म्हणणं फार मानणारे. त्यांची बायको मला अण्णा म्हणे.

पुढे जर्मनांशी लढाई सुरू झाली आणि काचा मिळेनाशा झाल्या. त्याच सुमारास मास्तरांचं पत्र आलं. मुलगा पलटणीत लागला आहे, परमुलखात जाण्याआधी रजेवर घरी आला आहे. दोन काचा शिल्लक आहेत, त्यातली एक त्याच्यावर खर्चू का? मी उलटटपाली कळवलं की काच वाया घालवू नका, जत्रेला ठेवा, विलायतेत जत्रा चालेल. मुलाचा पुढच्या रजेला काढता येईल. हे लिहिताना मला काडीचाही विचार करावा लागला नाही.

नंतर पुडकं नेसरीत अडलं. महिने गेले तरी पुढे सरकेना. मी दोन कार्डं टाकली, दुसरं चांगलंच झोंबणारं होतं. जबाब आला नाही.

आलं ते साहेबाचं पत्र. त्याचा मुलगा फ्रान्सच्या लढाईत पडला होता. मूळ काच घर बदलताना फुटली होती. बाकीचे फोटो स्टुडिओतले, गणवेशातले, ताठ. हसणारा तेवढा एकच, तो परत मिळेल का, असं त्याने संकोचून विचारलं होतं. पत्र वाचून मला वाईट वाटलं. तरी नेसरीला निघताना मी उरल्यासुरल्या काचांसकट कॅमेऱ्याची पेटी बरोबर घेतलीच. जातोच आहे तर एखादा डोंगर मिळेल, आणि मास्तरांनी कुरकुर केली तर एकाला चार देऊ, असा माझा हिशोब होता.

मास्तरांच्या सोप्यात शिरलो तो समोरच खिळ्याला तो फोटो. काचेच्या चौकटीत, वर झेंडूची माळ. गोऱ्या पोराच्या गळ्यात झेंडू बघून मला क्षणभर हसू फुटणार होतं. तेवढ्यात मास्तरांनी पाण्याचा तांब्या पुढे ठेवला आणि खाली बघत म्हणाले, “पोरगं गेलं आमचं. बसऱ्याकडं. पलटणीचा कागद आलाय.”

कोनाड्यात माझी दोन्ही कार्डं नीट एकावर एक ठेवलेली होती. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

वहिनी आतून आल्या आणि उंबऱ्याशी टेकल्या. म्हणाल्या, “आमचा बी जाताना ह्याच उंबऱ्यावर बसून बूट बांधत हुता, अण्णा. मी हाक मारली तवा आसंच वर बगितलं त्यानं. त्याचा फोटू न्हाय आमच्याकडं, म्हणून ह्योच लावला. घरात दोन काचा हुत्या की. पण ह्यास्नी येळ गावला न्हाय.”

मी मास्तरांकडे बघितलं. ते बाजेची सुटलेली सुंभाची दोरी बोटाने आत खोचत होते. माझ्या पत्राबद्दल त्यांनी बायकोला अवाक्षर सांगितलं नव्हतं. दोष आपल्या अंगावर घेऊन बसले होते. तेव्हा तरी मी तोंड उघडायला हवं होतं. मी तांब्या उचलून पाणी प्यायलो.

मग कशासाठी आलो ते सांगायची मला लाज वाटू लागली. पण मास्तरांनी दोनदा विचारलं, तेव्हा साहेबाचं पत्र काढून त्यातलं मराठीत सांगितलं. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. मग उठून फोटो खिळ्यावरून काढला, माळ बाजूला ठेवली आणि काच पदराने पुसली.

“ज्याचा त्याला द्या. त्याची बी आई आसंल की तितं.”

मी म्हणालो, याची नक्कल काढून तुम्हाला पाठवतो, हुबेहूब निघेल. त्यांनी नको म्हणून मान हलवली. उसना किती दिवस ठेवायचा, म्हणाल्या.

काही तरी केल्याशिवाय मला तिथून हलवेना. मी पेटी उघडली आणि त्यांना म्हणालो, उंबऱ्यावर बसा, तुमचा फोटो काढतो. मला वाटलं होतं त्या लाजतील. त्यांनी पेटीकडे नुसतं बघितलं. “माझा काढून कुणाला दावायचा, अण्णा? बगणारा गेला.”

मास्तर पेटी उचलून गाडीपर्यंत पोचवायला आले. वाटेत मी कसंबसं म्हणालो की ते पत्र माझं होतं हे वहिनींना सांगा, माझ्यासाठी तुम्ही बोल खाऊ नका. मास्तरांनी पेटी दुसऱ्या खांद्यावर घेतली. गाडीत पेटी ठेवून झाल्यावर म्हणाले, “माझ्यावर रुसली तर चालतंय. नवरा हाय मी. तुमास्नी ती अण्णा म्हणती, आनि दुसरा भाऊ न्हाय तिला.”

साहेबाला फोटो पोचला. त्याने आभार मानले आणि आता तुम्हाला काय पाठवू, असं विचारलं. मला काही मागता आलं नाही. पुडकंही पुढे बंद पडलं ते पडलंच.

तेव्हापासून दर भाऊबीजेला मी नेसरीला जातो, पेटी घरी ठेवून. वहिनी त्या रिकाम्या खिळ्याखाली पाट मांडतात आणि मला ओवाळतात. मास्तर समोर बाजेवर बसलेले असतात. पत्राचं मी अजून सांगितलेलं नाही.