कृष्णादादाची फायनलमधली शेवटची चढाई

ज्या माणसाला मी भर मैदानात फसवलं, तो आज सकाळी गेला.

कृष्णादादा. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरात त्याची वाडी.

कबड्डीत आपल्या भागातला सगळ्यात मोठा चढाईपटू. एका स्पर्धेत सर्वाधिक पॉइंट घ्यायचा त्याचा रेकॉर्ड अजून कुणाला मोडता आलेला नाही.

उंची बेताची, अंग बेताचं. पाय मात्र असा टाकायचा की समोरच्याला कळायच्या आत बोट लागलेलं असायचं.

मुंबईत एका कंपनीने त्याला खेळावर नोकरी दिली. दिवसा पॅकिंग, संध्याकाळी प्रॅक्टिस. मोठमोठ्या टीमविरुद्ध खेळला, पेपरात फोटो आला. तरी तालुक्याची स्पर्धा आली की रजा टाकून वाडीकडूनच खेळायचा. वाडीला एकदा तरी कप मिळवून द्यायचा, एवढाच त्याचा हट्ट.

रेकॉर्ड झाला त्याच वर्षी वाडी फायनलला आली. समोर आमचं गाव. मी डाव्या कोपऱ्यात.

स्कोअर बरोबरीत. शेवटची चढाई दादाची.

त्याच्या पायाचं बोट माझ्या घोट्याला लागलं. स्पष्ट लागलं. दादा लगेच वळला आणि रेषेपलीकडे गेला. पंचाला काही दिसलं नाही, पॉइंट दिला नाही.

आपल्याकडे अशा वेळी खेळाडू स्वतः हात वर करतो आणि बाहेर जातो.

मी उभा राहिलो.

दादा माझ्याकडे बघत होता. मी पंचाकडे बघत होतो.

जादा वेळात आम्ही जिंकलो. मला खांद्यावर घेऊन नाचले.

वाडीने सगळं खापर दादावर फोडलं. लागलं नव्हतं तर परत कशाला आलास, मुंबईला जाऊन शेफारलास, असं तोंडावर बोलले. त्यानंतर तो वाडीकडून कधी खेळला नाही. वाडीला कपही कधी मिळाला नाही.

काही वर्षांपूर्वी वीर स्टेशनवर भेटला. तो मुंबईहून उतरला होता, मी बहिणीला सोडायला गेलो होतो. एकाच रिक्षातून महाडला निघालो. तेव्हा एकदाचं सांगून टाकलं.

"ठाऊक हाय रे," दादा म्हणाला. "पन रिक्षात सांगून काय उपेग? माझ्या वाडीला सांग."

मग माझ्या आईच्या गुडघ्याची चौकशी करत बसला.

मी हो म्हणालो होतो. गेलो नाही. घरी शिफ्टचं कारण सांगायचो. मी राहतो त्या बिरवाडीहून वाडी काही परदेशात नाही. लाज वाटत होती, बाकी काही नाही.

आज गेलो.

स्मशानात चार माणसं बोलतात, तसं कुणीतरी त्याच्या रेकॉर्डबद्दल बोललं. मग मी पुढे झालो आणि सगळं सांगितलं.

वाडीच्या टीमचे तेव्हाचे कॅप्टन सखारामकाका तिथेच दगडावर बसले. मला वाटलं, आता शिव्या देतील.

"त्यो मरेपर्यंत सांगत व्हता, लागलंय म्हनून," काका म्हणाले. "आमीच त्याला खोटा पाडला."

दादा, तू खरं बोलत होतास. आज वाडीला कळलं.

तू असताना सांगायला हवं होतं. माफ कर.

शेवटचा नमस्कार.