पेनानं लिहिलेला नियम

मंडळी, मी अमरावतीत वकिली करतो, तरी आज हरलो.

आईच्या दाखल्यासाठी तालुक्याच्या एका सरकारी ऑफिसात गेलो. भिंतीवरच्या छापील नियमात लिहिलंय की घरचा माणूस अर्ज देऊ शकतो. त्याखाली कोणीतरी पेनानं लिहिलं होतं, 'अर्जदार स्वतः हजर पाहिजे.' ना सही, ना तारीख.

"नियम कोणी बदलला?" मी खिडकीतल्या बाबूंना विचारलं.

"साहेबानं सांगतलं. आमी तेच करून राहिलो."

"साहेबांना तो अधिकार आहे का?"

"मंग कोर्टात जा ना, वकीलसाहेब!"

दाखला उद्याच हवा होता. दुपारी ऐंशीच्या आईला खुर्चीसकट उचलून आणलं.

"कावून आणलं रे मले? तुया कायद्यात हाय का हे?" ती म्हणाली.

त्या ओळीखाली सही नव्हती. आईला आणून ती सही मीच केली ना?