पाटा पालथा घालणाऱ्या आपा

कुणाच्याही घरी गेल्या की आपा आधी पाटा पालथा घालायच्या. "बसा" म्हणायची सवड द्यायच्या नाहीत. चपला दाराशी, पदर कमरेला, आणि थेट चुलीपाशी. दोन्ही हातांनी पाटा उचलायचा, उलटा करायचा आणि त्याच्या पाठीवरून तळहात फिरवायचा. मग एक "हं" म्हणायच्या.

भिवंडीजवळ शेलार गावी आमच्या घरी पहिल्यांदा आल्या तेव्हा आई वाटण वाटत होती. वरवंटा आईच्या हातातच राहिला आणि पाटा गेला.

"ह्या बाईला काय कामधंदा हाय का न्हाय?" आईने मला विचारलं. त्यांच्यासमोरच.

आपा हसल्या. "काळा दगड. लाव्ह्याचा. तुमचा पाटा अजून लेकरू आहे."

"लेकरू? माझ्या आजेसासूचा हाय तो!"

"असू दे. पृथ्वीवर झाडं आधी आली, हा मागून आला." एवढं बोलून त्यांनी पाटा सरळ केला, सांडलेली मिरची स्वतः गोळा केली आणि चहा मागितला.

आपा भिवंडीतल्या एका मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. घर जुनं कोकणी मुसलमानांचं. मुंबईच्या कॉलेजात दगडांचं शास्त्र शिकल्या, आणि ते शास्त्र इथे कुणाला नको म्हणून भूगोलावर भागवलं. अख्खा मोहल्ला त्यांना आपा म्हणायचा, म्हणून मीही म्हणायचो. त्या मला 'पुढारी' म्हणायच्या. ती स्तुती नव्हती. आणीबाणी उठली तशी मी यंत्रमाग कामगारांची पत्रकं पुन्हा छापायला लागलो होतो, आणि माझं प्रत्येक वाक्य उद्गारचिन्हाने संपायचं.

कोन गावाच्या बाजूला खाडीकाठी कामगारांच्या झोपड्यांची एक रांग होती. माणसं बहुतेक आझमगडकडची. समोर काठाला तिवरं होती. खाडीच्या चिखलात मुळं रोवून उभी राहणारी ही झाडं तुम्ही पाहिलीच असतील, नाकाला रुमाल लावून पुढेही गेला असाल. एका लूमवाल्या शेठने ती सरसकट तोडली. शेजारी भराव घालून गोदाम बांधायचं होतं, आणि मालाची होडी लावायला काठ मोकळा हवा होता. गोदामातल्या कापडाच्या गाठींची काळजी घ्यायला राखणदार होता. झोपडीत रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्या माणसांची काळजी कुणाला?

आपांना होती. आणि ती पाहवत नसे. त्या काठावर जायच्या, तोडलेल्या तिवराच्या कुजक्या खुंटाला हात घालून ओढायच्या. खुंट अलगद हातात यायचा. त्याच्याकडे बघत उभ्या राहायच्या. "हा धरून होता," म्हणायच्या. "आता कोण धरणार?"

मी पत्रक लिहिलं. 'हा काठ पडणारच! शेठ, जबाब दो!' त्यांनी पेन्सिल घेतली आणि 'पडणारच' खोडून वर 'पडू शकतो' लिहिलं. माझं डोकंच फिरलं.

"आपा, 'पडू शकतो'वर मोर्चा निघत नाही."

"मग नको काढूस. मला खात्री नाही, पुढारी. घोर आहे. दोन्हीत फरक आहे."

"आणि नाही पडला तर?"

"माझा घोर वाया जाऊ दे. मी शिरणी वाटते."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मुलगी परीक्षेला उशिरा पोचेल, शेजारणीचा ताप चढेल, कशालाही तेच. आणि खरंच वाटायच्या. पर्समध्ये बत्ताशांची पुडी असायचीच.

आम्ही रांगेत सभा घेतली. शेवटच्या झोपडीतल्या बाईच्या दारात. तिला सगळे भाभी म्हणायचे. मी वीस मिनिटं भाषण ठोकलं, लोकांनी जांभया दिल्या. आपांचं लक्षच नव्हतं. त्यांनी भाभीचा पाटा पाहिला होता. गावाहून आणलेला, मिर्झापूरकडच्या तांबूस वाळूच्या दगडाचा. त्यांनी तो पालथा घातला आणि तिथेच मांडी घालून बसल्या.

दगडाच्या पाठीवर लाटा होत्या. ओहोटीनंतर वाळूवर उमटतात तशा बारीक, एकामागे एक.

"भाभी, तुम किस पर मसाला पीसती हो, मालूम है?" आपांनी विचारलं. "ये नदी का मुँह है. जहाँ नदी समंदर में मिलती थी."

लोक पुढे सरकले. आपा सांगायला लागल्या. ही नदी वाहत होती तेव्हा जमिनीवर गवताची काडी नव्हती. झाड नाही, शेवाळाचा धड गालिचा नाही. नुसते उघडे डोंगर आणि पाऊस. मूळच नाही तर काठ कोण धरणार? नदीला काठ असा नव्हताच. आज इथून वाहिली, उद्या तिथून. मुखाशी गाळ टाकायचा, तोच फोडायचा, पुन्हा पसरायचा. त्यातला एक थर दगड झाला आणि भाभीच्या चुलीशी येऊन पोचला. "मुळं आली तेव्हा कुठे नद्या एका जागी वाहायला शिकल्या. शेठने मुळं काढली. या खाडीला आता जुनी वाट आठवेल, असा मला घोर आहे."

मग भाभी म्हणाली, "कटान. कटान बोलो ना, आपा. घाघरा नदी ने हमारा आधा गाँव ऐसे ही काटा. मेरी सास का घर खड़ा-खड़ा बैठ गया."

कटान. माझ्या वीस मिनिटांना जे जमलं नाही ते या एका शब्दाने झालं. रांगेतले म्हातारे माना हलवायला लागले.

पण जाणार कुठे? शेवटी ठरलं ते एवढंच. पावसाळ्यात अमावास्येला आणि पुनवेला, दुपारच्या मोठ्या भरतीच्या वेळी, सगळ्यांनी रांग सोडून जवळच्याच, आपांच्या शाळेच्या व्हरांड्यात बसायचं. मोठ्या बाईंनी नाक मुरडून परवानगी दिली.

बायकापोरं यायची. बाप्ये उठायचे नाहीत. रात्रभर लूमवर उभा राहिलेला माणूस भरदुपारी कसा उठेल? आपा झोपड्यांचे पत्रे हाताने बडवत जायच्या. "उठो मियाँ, बाकी नींद दरिया में पूरी करोगे क्या?" आतून शिव्या यायच्या, त्या ऐकून घ्यायच्या. भाभी दर वेळी डोक्यावर पाटा घेऊन निघायची. शेजारणी हसायच्या. "सोना छोड़ दिया, पत्थर उठा लिया!"

भरती यायची, ओसरायची, काठ जागच्या जागी. आपा बत्तासे वाटायच्या. पुन्हा पुनव, पुन्हा काठ शाबूत, पुन्हा बत्तासे. पोरांना तो सणच झाला. पोरं व्हरांड्यात रांगेत बसून हात पुढे करायची. गोदामाचा मुकादम मला रस्त्यात अडवून विचारायचा, "काय पुढारी, आज कुठला काठ पाडताय?" मी चिडून आपांना म्हणालो, तुमच्यामुळे चळवळीचं हसं होतंय.

"होऊ दे हसं," त्या म्हणाल्या. "पण लोक कंटाळून यायचे थांबले तर? तो घोर वेगळा आहे, पुढारी. तो मला जास्त आहे." त्या दिवशी त्यांनी प्रत्येकाच्या हातावर दोन-दोन बत्तासे ठेवले.

मागच्या पावसाळ्याच्या तोंडाला आपा गेल्या. वर्गात, नकाशा गुंडाळता गुंडाळता. घोर करणाऱ्या माणसाचं काळीज किती दिवस पुरणार?

पुढच्या अमावास्येला मी रांगेत गेलो. वाटलं होतं, आता कोण उठतंय. पत्रे बडवायला हात उचलला तर आतून आवाज आला, "उठ रहे हैं, भाई, उठ रहे हैं. पत्रा मत तोड़ो." बाप्ये डोळे चोळत बाहेर येत होते. कुणी आपांसाठी, कुणी सवयीने, पोरं बत्ताशांच्या आशेने. सगळ्यांच्या पुढे भाभी, डोक्यावर पाटा.

त्या दुपारी काठ गेला. आवाज फारसा झाला नाही. व्हरांड्यातून ऐकू आला तो एखादं ओझं खाली टाकल्यासारखा. नंतर शेठ म्हणाला, झोपड्या बेकायदाच होत्या. त्याच्यावरचं पत्रक मी लिहितोच आहे, आणि त्यात एकही 'शकतो' नाही.

ओहोटी लागल्यावर मी आणि भाभी बघायला गेलो. रांगेच्या जागी सपाट गाळ होता. चूल नाही, पत्रा नाही, एक खुंटसुद्धा नाही. गाळावर बारीक लाटा, एकामागे एक. भाभी खाली बसली आणि तिने त्यांच्यावरून तळहात फिरवला, आपा फिरवायच्या तसा.

आम्ही शाळेत परतलो तेव्हा पोरं अजून रांगेत बसली होती, हात पुढे करून.